रूळ आपले हायेत

आमचे भिलाईच्या नेहरू नगरातले शेजारी पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झाले, पण रूळ काही त्यांच्या तोंडून सुटले नाहीत. नागपूरला जाताना ते हटकून माझ्याच डब्यात भेटतात. गाडी रखडते, नळ कोरडे पडतात, संडासाचा वास थेट बर्थपर्यंत येतो आणि लोक रेल्वेच्या नावानं बोटं मोडतात. हे मात्र छाती फुगवतात. "कितीही वेळ उभी ठेवा ना गाडी! रूळ आपल्या भिलाईचे हायेत, वाकत नाहीत!" नव्या रुळांची मालगाडी दिसली की नमस्कारही करतात.

परवा त्यांचे मोठे भाऊ नागपूरला वारले. आम्ही सोबतच निघालो. दुर्ग सुटलं आणि रसमड्याला गाडी थांबली ती थांबलीच. मालगाड्या मात्र धडधडत पुढं जात होत्या. शेवटी पुतण्याचा फोन आला. "काका, लोक थांबत नाहीत आता. बाबाले घेऊन घाटावर निघून राहिलो आमी."

तेवढ्यात कोरे रूळ लादलेली मालगाडी आली. सवयीनं त्यांचे हात जोडले गेले.

"जा बापा, तूच जा पुढं," ते म्हणाले. "मले आता कायची घाई?"