दामूभाऊंची शेगडी आणि माझी ताडपत्री

सकाळी सातच्या सुमारास कुसुमवहिनींनी आमचं फाटक वाजवलं. मुलीकडून, अमरावतीहून, त्या नुकत्याच परतल्या होत्या. पिशवी अजून हातातच होती. "भाऊजी, हे दार उघडून नाही राहिले. फोनही उचलत नाहीत," म्हणाल्या. स्वयंपाकघराच्या दाराची कडी बाहेरून पट्टी घालून निघते, हे मला माहीत होतं. आत दामूभाऊ खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल, समोर त्यांची ती बिडाची शेगडी, अजून कोमट. वहिनींनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "झोपले वाटते... चेहरा पाहा न कसा लाल आहे." डॉक्टर आले. वय झालं होतं, हृदय बंद पडलं, म्हणाले. त्याला आता सात आठवडे झाले. शेजारी म्हणून त्यांच्यावर लिहाल का, असं या पुरवणीतून विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. चांगलं लिहिण्यासारखं खूप आहे. पण एक गोष्ट मी अजून वहिनींनाही सांगितलेली नाही, आणि ती वगळून लिहिलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

नागपुरात अजनीच्या आमच्या गल्लीत आमची घरं तीस वर्षं भिंतीला भिंत लावून आहेत. दामूभाऊ तरुणपणी रेल्वेच्या कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते. इंजिनं गेली, पुढची नोकरी त्यांनी शेडमध्ये काढली, पण जीव आगीतच अडकलेला. वहिनींना संधिवात. नागपूरची थंडी तशी दीड-दोन महिन्यांची पाहुणी, पण त्या दिवसांत त्यांची बोटं अशी आखडायची की पोळी लाटणं सोडा, कपाचा कानही धरवायचा नाही. विजेचा हीटर आणला, त्यानं त्यांचे ओठ फुटायचे आणि फ्यूज उडायचा. मग एका दिवाळीनंतर दामूभाऊ कामठीच्या एका भंगारवाल्याकडून टेम्पोत घालून हे धूड घेऊन आले. छावणीतल्या कुठल्यातरी साहेबाच्या बंगल्यातली कोळशाची बंद शेगडी, सिंहाच्या पंजासारखे चार पाय, दाराला अभ्रकाची खिडकी, आणि सगळीकडे गंज. ज्या गावात मे महिन्यात नळाच्या पाण्यानं हात भाजतो, तिथं हा माणूस शेगडी विकत घेतो! गल्ली हसली. मी सगळ्यात जास्त हसलो.

महिनाभर ते अंगणात बसून ती घासत होते. आधी रॉकेल, मग पॉलिश पेपर, मग काळं शिसं लावून फडक्यानं अशी चमक आणली की वहिनी म्हणाल्या, "माह्या लग्नातही मी एवढा वेळ आरशापुढे नव्हते बसले." तुटलेली बिजागरी ओतून घेतली, पत्रेवाल्याकडून धुराचा पाइप करून घेतला आणि तो झरोक्यातून बाहेर काढला. मग खिडक्यांच्या सगळ्या फटी वर्तमानपत्राच्या पट्ट्यांना खळ लावून बुजवल्या. पहिल्यांदा शेगडी पेटवली त्या संध्याकाळी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. अभ्रकामागे निखारा केशरी दिसत होता. वहिनींनी दोन्ही हात पुढे धरले आणि थोड्या वेळानं त्यांची बोटं एकेक करून उघडली. दामूभाऊ तिकडे पाहत होते. मी त्यांना इतकं सुखी कधीच पाहिलं नव्हतं.

त्या घरात फक्त एक भोक त्यांनी उघडं ठेवलं होतं, ते म्हणजे खिडकीतला कूलर. दसरा-दिवाळी आटोपली की नागपुरात घरोघरी कूलर बांधायचं काम निघतं. जुनी चादर, वर ताडपत्री, सुतळीचे चार वेढे. आमच्या गल्लीत हे काम मीच पुढाकार घेऊन करायचो, कारण माझी गाठ सुटत नाही अशी माझी ख्याती. पहिल्या वर्षी सुतळी घेऊन त्यांच्या कूलरपाशी गेलो तर ओरडले, "काहून झाकून राहिला गा? राहू दे तो उघडा. इथूनच श्वास घेते माही शेगडी. आगीले आधी हवा पायजे, मंग कोळसा." मी हो हो म्हटलं. नंतर दरवर्षी थट्टा करायचो की अख्ख्या गल्लीत तुमचाच कूलर थंडीत कुडकुडतो. ते हसायचे. थट्टेच्या नादात त्यामागचं कारण मी कधीच विसरून गेलो. आणि मी कोण, तर शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घालून ती कशी विझते, हे दरवर्षी मुलांना दाखवणारा.

वहिनी परतायच्या आदल्या दिवशी थंडी एकदम वाढली. दुपारी दामूभाऊ कोळसा आणायला गेले होते, वहिनी येतील तेव्हा खोली ऊबदार हवी म्हणून. कूलरमधून येणारा वारा नेमका वहिनींच्या पाठीवर येतो, हे मी त्यांच्या तोंडून मागच्या हिवाळ्यात ऐकलं होतं. मला वाटलं, बिचाऱ्या आजारी बाई, प्रवासातून थकून येणार... आपण एवढं करून ठेवू. घरातून निळी ताडपत्री आणली आणि कूलर चारही बाजूंनी बांधला. बोटभरही फट ठेवली नाही. आतून कूलरची जाळी तशीच दिसत असणार. त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. मी दामूभाऊंना सांगितलंही नाही. चांगलं काम न बोलता करावं, असा माझा तोरा.

तो लाल चेहरा पाहिला त्याच क्षणी मला समजलं. हवा कमी पडून कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड कसा तयार होतो आणि त्यानं गेलेल्या माणसाचा चेहरा कसा लालच राहतो, हे मी फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. डॉक्टरांना आणायला कुणीतरी धावलं होतं आणि वहिनी त्यांचे तळवे चोळत होत्या, तेव्हा मी घराला वळसा घालून मागे गेलो. गाठ सुटेना. माझीच गाठ, मलाच सुटेना... शेवटी विळी आणून सुतळी कापली, ताडपत्रीची घडी केली आणि घरी नेऊन माळ्यावर टाकली. डॉक्टर हृदय म्हणाले तेव्हा मी मान डोलावली. मी भ्यालो होतो, दुसरं काही कारण नाही. शेजारधर्म, वय, नशीब यांतलं काहीही मला या मान डोलावण्यातून सोडवू शकत नाही.

आता मी रोज त्यांच्याकडे जातो. शेगडी थंड आहे, वहिनी तिच्यावरची धूळ मात्र रोज पुसतात. पेटवून द्या म्हणाल्या होत्या. मला जमत नाही म्हटलं. कूलरमधून बोचरा वारा येत असतो आणि त्या दोन स्वेटर घालून नेमक्या त्याच्यासमोर बसतात. दुसऱ्या खोलीत बसा म्हटलं तर म्हणाल्या, "यांनी कधी कोणाले तो झाकू नाही दिला, भाऊजी. आता मी काहून झाकू?" त्यांची बोटं या वर्षी उघडलेलीच नाहीत. पेपरचं पान उलटता येत नाही, म्हणून रविवारी सकाळी ही पुरवणी मीच त्यांना वाचून दाखवतो, पहिल्या पानापासून, त्या शेगडीजवळच्या दामूभाऊंच्या खुर्चीत बसून. यांच्यावर तुम्ही लिहिलेलं कधी येणार, असं त्या दर आठवड्याला विचारतात. या रविवारी येईल, असं मी काल सांगून आलो आहे.