पयला तू बस

आमच्या बोईसरच्या कारखान्याचे वॉचमनकाका मूळचे सातपाटीचे, निम्मा जन्म होडीवर गेलेला. कुठलीही वस्तू ते आधी बोटाच्या पेराने ठोकून बघत आणि मगच तोंड उघडत. मला रेसर सायकल घ्यायची होती. नवी परवडणारी नव्हती, म्हणून रेल्वे फाटकावरच्या उतारावर असलेल्या दुकानात एक जुनी बघायला त्यांना सोबत नेलं.

रंग ताजा लाल होता, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं. मी बघताक्षणी भाळलो. काकांनी दांडी ठोकली आणि दुकानदाराला म्हणाले, "पयला तू बस. फाटकापरत उतार जा नि ब्रेक दाब."

"मी कशाला? घेणारे हे आहेत."

"आमच्यात व्हडी बांदनारा पयला व्हडीत चडतो."

दुकानदार हसला. काका हसले नाहीत. खाली रेल्वेचं फाटक पडलेलं होतं आणि मालगाडी धडधडत चालली होती. त्याने भाव उतरवला, मग आणखी उतरवला, पण काकांनी हँडल सोडलं नाही. शेवटी त्याने सायकल आत नेली. मला काकांचा भयंकर राग आला. माझ्या ऐपतीतली तेवढी एकच होती.

परत जायला तोच उतार होता. काकांनी मला आपल्या गंजक्या सायकलवर डबलसीट घेतलं. वेग वाढत गेला. फाटक अजून पडलेलंच होतं.

"काका, ब्रेक!"

"हिला नाय," मागे न बघता ते म्हणाले. "पाय घास."