जहाजाचा सा

क्रूझवर संध्याकाळी शास्त्रीय गायन होतं. नणंदेने मला हट्टाने नेलं. समोरच्या निम्म्या माणसांचं लक्ष जेवणाच्या हॉलकडे होतं, आणि पायाखालच्या गालिच्यातून इंजिनाची घरघर अखंड येत होती.

तंबोरा जुळला होता, तरी गायिका गाईना. स्टेजवर तळहात टेकवून ती इंजिनाची घरघर ऐकत राहिली. मग तिने तंबोऱ्याच्या खुंट्या सैल करायला सांगितल्या.

पेटीवाला कुजबुजला, "ताई, पट्टी उतरवायची?"

"इंजिन काही थांबणार नाही," ती म्हणाली. "आपणच त्याच्याजवळ जाऊ."

त्या घरघरीलाच सा मानून ती गायली. थोड्या वेळाने इंजिन वेगळं ऐकू येईनासं झालं. ते गाण्यात मुरलं होतं.

मला आमची आतली खोली आठवली. ह्यांच्या उशाशी ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस घरघरायचं. आधी मी वैतागायचे, दार लोटून घ्यायचे. पुढे कधीतरी माझं बोलणं, भाजी चिरतानाचं गुणगुणणं, सगळं त्या आवाजाच्या पट्टीत गेलं. मला कळलंसुद्धा नाही.

गाणं संपलं, टाळ्या झाल्या, माणसं जेवायला उठली. गायिका तंबोऱ्यावर गवसणी चढवत होती आणि खाली इंजिन चालूच होतं.

"वहिनी, चला ना," नणंद म्हणाली.

मला उठवेना. आमच्याकडे उलटं झालं. यंत्र आधी थांबलं, आणि मी अजून त्याच पट्टीत बोलते आहे.