धाडच्या बाजारातला चाकू

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली होती. मी फौजेत नाईक, गाव धाड. माझ्याच सेक्शनमधला लान्स नाईक नामदेव जानेफळचा. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे मुक्कामाला आला. धाडचा बाजार होता. पुढची पोस्टिंग डोंगरातली, म्हणून दोघांनाही कमरेला लावायला न मिटणारा चाकू हवा होता.

बाजाराच्या कडेला घिसाड्यानं बैलगाडी सोडून भाता मांडला होता. नवरा तापलं लोखंड सांडशीत धरायचा, बायको घण मारायची. चाकू काळे, ओबडधोबड. पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आणि दोन्ही बाजूंनी बाभळीचं लाकूड ठोकलेलं. भाव इतका कमी सांगितला की मला तिथेच शंका आली.

"लोखंड कोनतं?" मी विचारलं.

"पोलाद हाये, दादा. मोटारीच्या कमानपाट्याचं," बाई म्हणाली.

"मोटार कोनाची?"

तिनं खिळ्यावर चाकू ठेवला, वरून हातोडा मारला. खिळा तुटला, धार शाबूत. खिळा शिशाचा असणार, असं मी मनात म्हटलं.

"तू आपल्या सावलीवरबी पहारा ठेवशील बे," नामदेव हसला आणि त्यानं चाकू घेतला.

मी ताकही फुंकून पिणारा माणूस. दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याला स्टेशनाबाहेरच्या दुकानातून कारखान्याचा छाप असलेला चकचकीत चाकू घेतला. गाडीत बसल्यापासून नामदेवच्या चाकूला नावं ठेवत गेलो.

पुढच्या पावसाळ्यात, सकाळी ०९२० ला, आमचा रेशनचा ट्रक नाला ओलांडताना कलंडला. डोंगरात पाऊस झाला होता, पाणी चढत होतं. ड्रायव्हर आणि मी केबिनमधून बाहेर पडलो. नामदेव मागे, सामानाच्या भागात होता. दोरानं एकत्र बांधलेल्या पेट्या त्याच्या पायांवर आल्या होत्या, पाणी छातीला लागलं होतं. ड्रायव्हरनं काठावरून वायरलेस लावला.

"ट्रक नाल्यात. एक जवान अडकला. मदत पाठवा. ओव्हर."

"पोचायला अर्धा तास. ओव्हर."

दोर कापल्याशिवाय पेट्या हलणार नव्हत्या, आणि दोर पाण्याखाली होता. नामदेवनं कमरेचा चाकू काढून मूठ माझ्याकडे केली.

"माह्यावाला घे."

"राहू दे. माह्याजवळ हाये."

मी बुडी मारली. दोर निम्मा कापला असेल, तोच मूठ हातात राहिली आणि पातं वाहून गेलं. मुठीत ते बोटाच्या पेराएवढंच बसवलेलं होतं. वर आलो तेव्हा पाणी नामदेवच्या हनुवटीला होतं. त्यानं पुन्हा मूठ पुढे केली. त्या चाकूनं दोर दोन झटक्यांत तुटला. पेट्या ढकलून मी वर आलो. नामदेवचं डोकं पाण्याखाली गेलेलं होतं. काठावर आणून बराच वेळ खटपट केली. उपयोग झाला नाही.

सुट्टी मिळाल्यावर जानेफळला गेलो. त्याच्या आईनं मला आत बसवलं.

"शेवटी त्याच्यापाशी कोन होतं, बापू?"

"मी होतो, माय."

"मंग तुनं काई कमी केलं नसन," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

मला चाकूचं सांगायचं होतं. चहा पिऊन तसाच निघालो. जन्मभर मी प्रत्येकावर संशय घेतला, आणि त्या माउलीनं माझ्यावर जराही घेतला नाही. आता तीही नाही.

लान्स नाईक नामदेव, राहणार जानेफळ. पहिल्यांदा मूठ पुढे केली तेव्हाच मी ती धरली असती, तर तो घरी आला असता.