दादाचे हात

माझा थोरला भाऊ सव्वीस वर्षं बस चालवत होता आणि त्याच्या बसला साधा ओरखडा नव्हता. त्याच बसवर मी कंडक्टर, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. रस्त्यात कुणी कडमडलं की डोक्याआधी त्याचे हात स्टिअरिंग फिरवायचे. बस अंग चोरून बाजूने निघून जायची.

मग कंपनीला रुळांचे डोहाळे लागले. बस पुरेना, शहरभर लाइट रेल हवी! आमचा मार्ग बंद होणार, चालकांनी परीक्षा देऊन रेल्वेवर यायचं, नापास होईल त्याने स्टेशनच्या दारात उभं राहून लोकांना तिकिटाचं यंत्र समजावायचं. साहेब हे हसत हसत सांगत होते. मला त्यांच्या दातांचासुद्धा राग आला.

परीक्षा म्हणजे एक खोटी केबिन आणि समोर पडदा. पडद्यावर माणूस रुळांवर आला की ब्रेकचा दांडा ओढायचा, बस्स. रेल्वेला स्टिअरिंग नसतं. पण दादाचे दोन्ही हात हवेतच गोल फिरले आणि पडद्यावरचा माणूस मेला. दुसऱ्या वेळीही तेच. मागे बसलेले नवे चालक फिदीफिदी हसले. "काका, काच पुसताय का?"

"एकच संधी उरलीय," दादा घरी येऊन म्हणाला. "मला दारात उभं नाही राहायचं गं."

तेव्हा मीच शहाणी पुढे सरसावले. त्याला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि टेबलाला छत्री बांधली, तो ब्रेकचा दांडा. मी समोरून उशी फेकायची, त्याने डावा हात मांडीवरून न हलवता उजव्याने छत्री ओढायची. वहिनी म्हणाली, "दोघांचंही डोकं फिरलंय." हात वळले की मी खेकसायचे, "मेला बघ तो!" तीन आठवड्यांत ते हात मी मारून टाकले. दादा पास झाला.

रेल्वे सुरू व्हायला दोन महिने होते. तोवर कंपनीने त्याला बसवरच जुंपलं. चौथ्या दिवशी गल्लीतून एक हातगाडी अचानक बाहेर आली. बाजूला अख्खा रस्ता मोकळा होता. मी किंचाळले. दादाने करकचून ब्रेक दाबला, त्याचा उजवा हात मागे ओढला गेला, डावा मांडीवर पडला. बस सरळ गेली. गाडीवाल्याचा पाय गुडघ्याखाली मोडला.

चौकशीत मीही साक्षीदार होते.

"रस्ता मोकळा होता. वळवली का नाही?" साहेबांनी विचारलं.

"हात वळले नाहीत."

"दोनदा नापास आणि मग एकदम पास. घरी भलता सराव केलात ना? कंपनीबाहेर सराव करायला मनाई आहे. कुणी करून घेतला? त्याचीही नोकरी जाईल."

दादाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणी नाही. मी एकट्यानेच."

साहेबांनी सगळी चूक चालकाची लिहिली. बस गेली, रेल्वे गेली, दारातली जागासुद्धा दिली नाही. त्या साहेबाला मी रोज शिव्या घालते, मोजून घालत नाही. पण त्या खोलीत मी तोंड उघडलं नाही. आता दादा जेवायला बोलावतो, प्रेमाने वाढतो, आणि मला त्याच्या हातांकडे बघवत नाही.