टाकीला लावलेलं विरजण

नसरापूरच्या अलीकडे, हायवेला लागून, एक कोल्ड्रिंकचा कारखाना होता. नव्वदच्या दशकात मी तिथं बॉयलरवर होतो. बाटल्या धुतलेलं पाणी, सांडलेला साखरेचा पाक, सगळं मागच्या ओढ्यात जायचं. ओढा असा घाण मारायचा की पाव्हणे चहा न घेताच उठायचे. त्याच ओढ्याकाठच्या गावात माझी थोरली अक्का दिलेली. मेहुणे वारल्यापासून तिचं घर एका म्हशीवर चाललं होतं, आणि म्हैस पाण्यावर जायची ती त्याच ओढ्याला.

शेवटी गावानं गेट अडवलं, तेव्हा कंपनीनं मोठी बंद टाकी बांधली. घाण पाणी आत सोडायचं, हवा लागू द्यायची नाही. आतले जंतू साखर खाणार आणि गॅस सोडणार. गॅस बॉयलरला, निवळलेलं पाणी ओढ्याला. पण जंतू आणायचे कुठून? टाकी बघणारे इंजिनिअर साहेब म्हणाले, "दह्याला विरजण लागतं ना, तसं हिला ताजं शेण." घरोघर फिरून पाट्या गोळा केल्या. पहिली पाटी अक्काची. बॉयलरला निळी ज्योत लागली तेव्हा तिला मुद्दाम बोलावून दाखवली.

"आगं बया! माझ्या म्हशीनं तुमची फॅक्टरी पेटीवली की रं!" म्हणून ती पोट धरून हसली. ओढ्याचा वास गेला. म्हैस गाभण राहिली.

मग खंडेनवमी आली. साहेब सणाला गावी गेलेले. यंत्रांची पूजा म्हटली की आमच्या लोकांच्या अंगात काय येतं, देव जाणे! बाटल्या धुवायच्या मशीनमधलं कॉस्टिक सोड्याचं सगळं जहाल पाणी एकदम गटारात सोडलं, फरशीवर ब्लीचिंग पावडरची पोती उधळली, घासघासून बाटल्या भरायची लाइन लखलखीत केली. ते सगळं पाणी टाकीत गेलं. वर टाकीलाही झेंडूचा हार घातला, मेल्यांनी!

दसरा झाला आणि माझी ज्योत पिवळी पडली, फडफडली, गेलीच. साहेब परतले, त्यांनी नमुना हुंगला आणि कपाळाला हात लावून खाली बसले. "मेलं सगळं आतलं." लाइन बंद ठेवा म्हणून ते हात जोडत होते. मॅनेजर म्हणाला, "दिवाळीचा माल काय तुमचा बाप काढणार?" आणि त्यानं टाकीतल्या त्या जहाल पाण्याचा व्हॉल्व्ह ओढ्याकडं फिरवायला लावला.

सुट्टी होताच सायकल दामटत अक्काकडं गेलो. म्हैस पाणी पिऊन परतली होती. दावणीला बसली ती पुन्हा उठली नाही. भोरहून डॉक्टर येईस्तोवर तिनं पाय ताणले होते. अक्का तिच्या पोटावर हात ठेवून बसलेली, आत रेडकू हलतंय का बघत. मला रडू आवरेना, आणि त्या मॅनेजरची मानगूट धरावी असं वाटत होतं.

दिवाळी सरल्यावर टाकी नव्यानं लावायची ठरली. साहेबांनी मलाच पाट्या घेऊन गावात धाडलं. ओढा सुधारायचा तर टाकी चालू व्हायलाच हवी होती, म्हणून गेलो. गेल्या वेळी पहिली पाटी अक्काची, म्हणून पाय आधी तिच्याकडंच वळले. ती ओट्यावर होती. मागं रिकामा गोठा.

"अक्का, शेण पायजे. टाकीला."

तिनं उकिरड्याकडं बोट केलं. "वाळल्यालं हाय. ने."

"ताजं लागतं गं."

ती ओट्यावरून उठली. मग म्हैस पुरली होती त्या बांधाकडं हात करून म्हणाली, "ताजं पायजे व्हय? मंग जा, उठीव तिला."