सातऐवजी आठ

माझा भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत चाचणीचे पेपर तपासत होते. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, घड्या घालायच्या फोल्डिंग खात्यात तो उभ्या उभ्या कोसळला. मी दवाखान्यात पोहोचले. बाहेर मोठे काका आणि नातेवाईक जमले होते. मला वाटलं, आता कुणीतरी गळ्यात पडून रडेल. पण काका कुजबुजले, "पोरले सांगू नका. तिले काय समजस? पप्पा गावले गयात, सांगी द्या." सगळ्यांनी माना हलवल्या. मला त्या मानांची किळस आली... आणि मीही हलवली.

पोर म्हणजे भाऊची सोनल, बावीस वर्षांची. तिला ऑटिझम आहे. भाऊला घरी आणण्याआधी तिला त्यांच्या लिंबायतच्या खोलीतून पर्वत पाटियाला माझ्या घरी हलवायचं, हे काम माझ्यावर आलं. ती उंबऱ्यावर घट्ट उभी राहिली. "पाटीवर नही," म्हणाली. मी तिचा हात ओढून तिला रिक्षात बसवलं. तिने आपल्या बापाचं तोंड शेवटचं पाहिलं नाही, ते माझ्यामुळे.

ही पाटी भाऊची. दाराशेजारी खिळ्याला टांगलेली, साधी शाळेतली पाटी. रोज संध्याकाळी जेवणाआधी भाऊ त्यावर दुसऱ्या दिवसासाठी तीन ओळी लिहायचा. 'ठरलेलं', 'बदललं', आणि 'मग?' पहिल्या दोन तो भरायचा, तिसरी सोनलने भरायची. रिक्षांचा संप, मग? 'चालत जाऊ, छत्री घेऊ.' कधी त्या एका ओळीला तिला अर्धा तास लागायचा. भाऊ दिवसभर तागे उचलून आलेला असायचा, तरी शेजारी मांडी घालून गप्प बसायचा. मी घाई केली की माझ्यावरच डाफरायचा, "तिचा विचार चालू आहे. तुझा झाला असेल तर तू घरी जा."

पाटी आली त्यामागेही अशीच किळसवाणी गोष्ट आहे. सतरा वर्षांची असताना सोनलने खाणं सोडलं. बोलणं तर सोडलंच. दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. नातेवाइकांना तेव्हा जोर चढला होता. कुणी भगताचा पत्ता दिला, कुणी म्हणालं लग्न लावून टाका, आपोआप सुधरेल. एका डॉक्टरने तर मान वर न करता सांगितलं, "ऐसे बच्चों में होता है." भाऊ सातवी शिकलेला. हात जोडून म्हणाला, "साहब, ऑटिझम तो जनम से है. ये उदासी दिवाली के बाद की है." डॉक्टरने पुढच्या पेशंटला हाक मारली. भाऊ चार ठिकाणी फिरला. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं, हे नैराश्य आहे, यावर वेगळे उपचार होतात, असं सांगितलं. औषध सुरू झालं, पाटीही त्यांनीच सुचवली. वर्षभराने सोनल पुन्हा हसली, त्या दिवशी भाऊने गल्लीत जिलेबी वाटली. तिला वेडी म्हणणाऱ्यांनी ती दोन दोन वेळा घेतली.

भाऊ गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने लिहिलं होतं, 'बदललं: पप्पा सातऐवजी आठला येतील.' खाली सोनलने लिहिलं होतं, 'मग? आठला जेवू.'

माझ्याकडून परतल्यावर ती रोज आठ वाजता दारात उभी राहू लागली. ताट वाढलेलं, हात न लावलेलं. वहिनी, सोनलची आई, कोपऱ्यात बसून असायच्या, त्यांच्यात बोलायचं त्राण नव्हतं. गावाला गेलेत, असं कुणी सांगितलं की सोनल पाटीकडे बोट दाखवायची. नवव्या दिवसापर्यंत ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. काकांना तर आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंदच झाला. "देखं? डोकं फिरनं ना शेवटी!" त्यांच्या हातात तेव्हा दहाव्याच्या जेवणाची यादी होती. मी उठून बाहेर गेले.

अकराव्या संध्याकाळी मी पाटी खाली घेतली. खडू हातात घेतला. मग 'बदललं'च्या ओळीत, भाऊच्या अक्षराखाली लिहिलं... 'पप्पा मेले. आता येणार नाहीत.'

सोनलने तीनदा वाचलं.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मग त्याच दिवशी का नाही लिहिलं?"

ती रडली, छाती फुटेल अशी रडली. आवाजाने काका आणि बाकीचे धावत आले. मी दार लावून घेतलं, तिच्याजवळ बसून राहिले. दोन तासांनी तिने वरणभात मागितला.

याला आता महिना झाला. तिच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही पुन्हा जातो. मी शाळेतून थेट लिंबायतला येते, पाटी लिहिते. भाऊची ओळ ती पुसू देत नाही, म्हणून मला उरलेल्या जागेत बारीक अक्षरात लिहावं लागतं. त्याच्या ओळीखालची 'मग?' तिने आठ दिवस तशीच ठेवली होती. मी घाई केली नाही. नवव्या दिवशी पाहिलं, तर 'आठला जेवू' पुसून तिने तिथे लिहिलं होतं, 'आत्याने त्याच दिवशी लिहायचं.'